साठेकाका आणि दुर्बिणीच्या कड्या

साठेकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही. माझ्या गालाकडे, मग मानेकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला मीडियम."

मला वाटलं, कंपनीचे टी-शर्ट वाटतायत. तर ते कड्यांच्या उंचीबद्दल बोलत होते. शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन कड्या! सिंगापुरात तुआसच्या आमच्या कारखान्यात त्या बनत आणि परदेशी जात. मी डिस्पॅचला, काका तपासणीला. कडी उंच झाली की शिकाऱ्याचा गाल बंदुकीवरून उचलला जातो, फार बुटकी झाली की दुर्बिणीचं तोंड नळीला घासतं. म्हणून "आधी मान, मग दुर्बीण" हा काकांचा मंत्र. कंपनीच्या बसमध्ये झोपलेल्यांच्या मानासुद्धा ते नजरेनं मापून मोकळे होत.

स्क्रू आवळण्याबद्दलही त्यांचं ठाम मत होतं. "पाहुण्याला आग्रह करावा तितकंच आवळायचं. जास्त केलं की बिचाऱ्याला त्रास."

सिंगापुरात बंदूक बाळगण्याचा विचारही करू नये, त्यामुळे काकांनी ती जन्मात हातात धरली नव्हती. त्यात पक्के शाकाहारी. हॉकर सेंटरमध्ये नूडल्सच्या भांड्यात आधी काय शिजलं होतं, याची कसून चौकशी करत. कड्या बसवून बघायला कारखान्यात एक पोलादी ठोकळा होता, आणि घरी काकूंच्या मॉपचा दांडा. "त्या दुर्बिणीतून यांना घरातली धूळ तरी दिसू दे," असं काकू म्हणत.

एका सकाळी काकांनी कड्यांच्या जोडीत तपासणीचा सरळ दांडा घालून फिरवला, तर तो एकाच कडेला घासत होता. पुढची आणि मागची कडी एका रेषेत नव्हती. फरक केसाएवढा. कंटेनर दुपारी निघायचा होता. मॅनेजर मिस्टर लिम धावत आले.

"मिस्टर साठे, सो स्मॉल ओन्ली! साइन लाह!"

"कॅनॉट," काका म्हणाले.

काकांचा इथे नोकरी करायचा पास पुढच्याच महिन्यात संपत होता आणि तो वाढवणं लिमसाहेबांच्या हातात होतं. मुलीचं ओ लेव्हलचं, म्हणजे आपल्या दहावीसारखं वर्ष. मला राहवेना. मी मराठीत विनवलं, "काका, करा की सही. शिकाऱ्याचा नेम चुकला तर आपलं काय जातंय? उलट एक जीव वाचेल!"

"वाचत नाही हो," काका हळू आवाजात म्हणाले. "पूर्ण चुकला तर मीच पेढे वाटीन. पण नेम चार बोटं सरकला की गोळी पोटात बसते. मग ते हरीण पळतं आणि दोन-दोन दिवस झाडीत तडफडत पडतं. शिकारी जातो घरी. त्या हरणाकडे कोण बघणार?"

मला फार वाईट वाटलं, स्वतःचीच लाज वाटली. लिमसाहेबांनी विचारलं, "व्हॉट ही से?" मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी काकांच्या हातातून दांडा घेतला, स्वतः दोनदा फिरवून पाहिला आणि घड्याळाकडे बघितलं.

"कंटेनर गो टुमॉरो, कॅन?"

"कॅन," म्हणत काकांनी पहिला खोका पुढे ओढला. त्याची चिकटपट्टी निघेना. ती मीच काढून दिली.