मंडळ चालू आहे

पटले मास्तर दर रविवारी सकाळी ओसरीत खुर्च्या मांडून नाट्य मंडळाची सभा घ्यायचे आणि सभेला ते एकटेच असायचे. अध्यक्षांची खुर्ची मध्ये, खजिनदाराची उजवीकडे, बाकीच्या समोर. मास्तर सचिव, म्हणून ते कडेला. आधी उभं राहून मागच्या सभेचं इतिवृत्त खणखणीत आवाजात वाचायचे, मग "कोनाची हरकत?" असं विचारून एकेका खुर्चीकडे बघायचे. हरकत कोणाचीच नसल्यामुळे इतिवृत्त मंजूर व्हायचं.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान त्यांच्या घरासमोरच. रविवारी दुकान बंद, म्हणून मी चहाचा कप घेऊन तिकडे जायचो. पण बसायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी बसलो, तर मास्तर कडाडले, "उठा भाऊ. ते भोजराजची खुर्ची होय." भोजराज म्हणजे आमच्या गावच्या नाट्य मंडळात राणीचं काम करायचा तो. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून मी खांबाला टेकून उभा राहायला लागलो.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की या मंडळाचं नाटक ठरलेलं असायचं. लेकी-जावई खास त्यासाठी यायचे. पुढे मंडईला बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या, झगमग लाइट घेऊन आणि बायांच्या कामाला खऱ्या बाया घेऊन. मंडळातले काही लोक वारले, काही पोरांकडे रायपूर-नागपूरला राहायला गेले. गावात उरले मास्तर.

माणूस मुळातच तापट. लाइट गेली, शेजारच्या बकरीनं मेथी खाल्ली, चहात साखर जास्त झाली, कशावरही त्यांचं एकच वाक्य : "हे मी सभेत घेतो." आणि खरोखर घ्यायचे. वीज खात्याच्या निषेधाचा ठराव मी कानांनी ऐकलेला आहे. तो एकमतानं मंजूर झाला. बकरीलाही लेखी ताकीद मिळाली होती. गावातली पोरं हसायची आणि मला त्यांचा संताप यायचा. अरे, तुमच्या बापांनी याच मंडळात मिशा चिकटवून राजाची कामं केली आणि तुम्ही दात काढता? संताप मास्तरांचाही यायचा. तासभर उभं राहून माझे पाय भरून यायचे, पण या गृहस्थांना त्याचं काही नाही.

या सभांचं मूळ विद्यापीठात होतं. मागे एकदा विद्यापीठाची माणसं जीप घेऊन गावात आली. आमच्या भागातल्या जुन्या संस्थांचे कागद ते आपल्या अभिलेखागारासाठी जमवत होते. मास्तरांनी मोठ्या हौसेनं मंडळाची अख्खी पेटी त्यांच्या हवाली केली. नाटकांची हस्तपत्रकं, फोटो, संवादांच्या वह्या, सगळं. वरून कोंबडीचं जेवण घातलं. काही महिन्यांनी छापील सूची आली. तीत आमच्या मंडळाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'बंद पडलेली संस्था'.

मास्तर ती सूची हातात धरून गावभर फिरले. "मी जिता आहो ना? सचिव जिता आहे, तं मंडळ मेलं कसं? हे कोनते डाक्टर होत, नाडी न पाहता मेला म्हनून लिहून देनारे?" पत्रं गेली. एकाचंही उत्तर आलं नाही. मग मंडळ चालू आहे हे सिद्ध करायला मास्तरांनी रविवारच्या सभा सुरू केल्या.

इतिवृत्तांच्या प्रती पाठवल्या, तरी विद्यापीठ ढिम्म. एक दिवस मास्तर दुकानात आले. "चाला भाऊ, नागपूरले जाऊ. तोंडावर सांगतो त्याईले."

"मी कायले?"

"साक्षीदार."

दुकान बंद ठेवून गेलो. गाडीत मास्तर भाषणाची तालीम करत होते. गोंदियात चढलेल्या एकानं विचारलं, "चाचाजी, किसपे भडक रहे हो?" मास्तर म्हणाले, "नागपुर में पता चलेगा."

विद्यापीठात आधी चुकीच्या इमारतीत पाठवलं, मग बाकावर बसवलं, मग साहेब जेवायला गेल्याचं कळलं. माझंच डोकं तापलं. कागद न्यायला दारापर्यंत जीप आणता आणि त्या कागदांचा धनी तुमच्या दारात आला की बाक दाखवता? शेवटी अभिलेखागाराच्या मॅडम भेटल्या. वयानं लहान, पण मास्तरांचं भाषण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"शेवटचा प्रयोग कधी झाला, सर?"

"प्रयोग नाही झाला म्हनून मंडळ बंद होते का? उन्हाळ्याची सुट्टी लागली, तं शाळा बंद पडली म्हनता का तुमी?"

मॅडम हसल्या नाहीत. "मंडळ चालू असेल तर मी नोंद दुरुस्त करते. पण मग एक अडचण आहे. चालू संस्थेचे मूळ कागद आम्हाला ठेवता येत नाहीत. पेटी तुम्हाला परत न्यावी लागेल."

मला वाटलं, जिंकलो. मास्तर एवढंच म्हणाले, "दाखवा."

एका थंडगार खोलीत नेलं. एकेक कागद वेगळ्या पाकिटात होता. पेटीत असताना भोजराजच्या फोटोवर बुरशीचा थर होता. तो फोटो आता इतका स्वच्छ झाला होता की राणीच्या नथीतले मोती दिसत होते. मास्तरांनी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. त्यांचं घर मला ठाऊक आहे. पावसाळ्यात ते जागोजागी गळतं आणि भिंतीत वाळवी आहे.

मास्तर एकेक पाकीट वाकून बघत शेवटपर्यंत गेले. मग म्हणाले, "राहू द्या इथंच. बंद लिहा."

मी चिडलो. "मंग इतक्या दूर मले आनलं कायले?"

"बंद पडण्याचं कारण काय लिहू, सर?" मॅडमनी विचारलं.

"लिहा, सभेले कोनी येत नाही."

आता मात्र माझं टाळकं सटकलं. "कोनी येत नाही? आन मी कोन? दर रविवारी तुमच्या ओसरीत उभा राहतो, तो कोन?"

"तुमी सभासद कुठं आहा?"

"मंग काऊन नाही केलं सभासद?"

"सचिवानं कोनाले 'या' म्हनाचं नसते, भाऊ. ज्याले येनं असते, त्यानं 'येतो' म्हनाचं असते." मास्तर भिंतीकडे बघत बोलत होते. "तुमी म्हनाल म्हनून मी कवापासून वाट पाहून राहिलो."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मॅडमही लिहायच्या थांबल्या होत्या. मास्तरांनी त्यांना, सांगितलं तसं लिहा म्हणून हातानं खूण केली. मग बकरीला ताकीद देताना असायचा त्याच आवाजात मला म्हणाले, "आन मंडळ बंद झालं म्हनून तुमी येनं बंद नका करू."