बैलजोडीच्या नमुन्यावर माझा बायोडाटा

सांगून ठेवतो, २०१४ साली अख्ख्या मुर्री गावात फेसबुकचा माझ्याएवढा अभ्यास कोणाचाच नव्हता! मी चौदा ग्रुपांत होतो. कोणत्या ग्रुपवर काय गाजून राहिलं, ते रोज वहीत टिपायचो. आमची आई देवकाबाई म्हणायची, "तिलक, एवढा अभ्यास दहावीत केला असता तर!"

पण कारण तसंच होतं. सडक अर्जुनीच्या केशोरावांची रिंकी एका लग्नात दिसली आणि माझी झोपच उडाली. समाजाच्या ग्रुपवर बायोडाटा टाकला. लाइक आले तीन. त्यातला एक माझाच!

आणि वहीत पहिला नंबर कोणाचा? शेजारच्या शालीकरामकाकांच्या विकाऊ बैलजोडीचा! चारशे बारा लाइक! मग काय, गाजलेला नमुनाच उचलायचा. काकांची पोस्ट जशीच्या तशी घेतली आणि बैलांच्या जागी मला बसवलं:

"वय एकतीस. दात पूर्ण. स्वभाव गरीब, लाथ मारत नाही. धानाच्या चिखलणीले पक्का. खाण्याचे नखरे नाहीत. घरी येऊन, चालवून पाहा, मंगच बोला."

समोरून, बाजूनं आणि चालताना, असे तीन फोटोही लावले.

अरे बापरे! संध्याकाळपर्यंत नऊशे लाइक! एकानं विचारलं, "जोडी आहे का एकटाच?" दुसरा म्हणे, "शिंगं काऊन नाही जी?" जळतात लेकाचे! रिंकीनं तर चक्क हसरा चेहरा टाकला. मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसलो. चार दिवस बसलो. फोन वाजलाच नाही.

"नऊशे लोकांत एकालेही बोलावंसं नाही वाटलं?" आई रडकुंडीला आली.

पाचव्या दिवशी शालीकरामकाका पेढे घेऊन हजर. "घे रे तिलक! आमच्या पोराचं, भुवनेश्वरचं जमलं!"

"कोणाशी?"

"केशोरावच्या रिंकीशी! त्यायचा मले फोन आला, पोस्ट पाहिली, येऊन राहिलो म्हणे. आले. फोटोतला कुठं आहे म्हणे. मले वाटलं बैल! म्हटलं, त्याचा तर परवाच सौदा झाला जी! बिचारे लय हळहळले. मंग चहाले बसले, तं भुवनेश्वर दिसला त्यायले."

"पण फोन तुम्हाले काऊन?"

काकांनी माझी पोस्ट उघडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वय, फोटो, सगळं बदललं होतं मी. काकांचा मोबाइल नंबर तेवढा तसाच राहिला होता!

साखरपुड्याचा फोटो चौदाही ग्रुपांवर गाजला. बाराशे लाइक. वहीत त्याचा पहिला नंबर मीच टिपला. त्यातला एक लाइक माझाच.