मंगळवारची ठोकाठोक

हे ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ही हकिकत मी आजवर फार तर चाळीस-पन्नास जणांना सांगितली. आज तळमजल्यावरचे पोस्टमन आणि समोरच्या शिक्षिकाबाई आमच्या गॅलरीत चहाला बसले आहेत, आमची ही आत इस्त्री करते आहे, आणि तुम्हीही आला आहात. तेव्हा पुन्हा एकदा. अक्षर न् अक्षर खरं.

एका उजाड माळावर ताऱ्यांचा कानोसा घेणारं यंत्र होतं. दुर्बीण नव्हे. चार-चार किलोमीटरचे दोन पाईप काटकोनात टाकलेले, त्यांतून प्रकाशाची एक तिरीप धावायची, आणि टोकाला बारीक तारांवर आरसे टांगलेले. प्रकाशालाही यायला कोट्यवधी वर्षं लागतील इतक्या लांब दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले, की म्हणे अवकाशच थरथरतं. ती थरथर इथवर पोचेपर्यंत इतकी क्षीण होते, की अणूच्या पोटातल्या कणालाही गुदगुली होऊ नये. तेवढ्यानं आरसे हलले पाहिजेत. अडचण एवढीच, की ते ट्रकनंही हलत, वाऱ्यानंही हलत, आणि हेडक्लार्क शिंकले तरी हलत.

यंत्राच्या प्रमुख होत्या बाई. सव्वीस वर्षं त्यांनी या पाइपांत घातली होती आणि त्या बदल्यात ट्रक, वारा आणि शिंका एवढंच ऐकलं होतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. तरुण मंडळी जेवताना पुढच्या यंत्राच्या गप्पा मारत. ते दसपट लांब असेल, जमिनीखाली असेल, आणि त्याच्या पुढचं तर थेट अंतराळात तरंगेल. बाई म्हणायच्या, "ते तुम्ही बघा रे. मला एक टक्कर ऐकवा, मी सुखानं घरी जाते."

आता या लोकांची एक रीत होती. मंडळी डोळे उघडे ठेवून काम करतात की नाही हे तपासायला एक विश्वासू माणूस गुपचूप आरसा हलवून खोटी थरथर घालायचा. घातली तर वार आणि वेळ, नाही घातली तर तसं, कागदावर लिहून लाखेनं बंद केलेल्या पाकिटात ठेवायचा. पाकीट तिजोरीत. काही सापडलंच तर सगळा अभ्यास आधी पुरा करायचा, मग सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं.

हे काम होतं आरशांच्या मिस्त्रीकडं. देखणा माणूस. त्याच्या तोंडून खरं काय आणि थाप कुठली, हे कुणालाच कधी कळत नसे. म्हणून तर निवड झाली. पण त्याच कारणानं नियमही होता, की मिस्त्रीचा तोंडी शब्द धरायचा नाही. जे लिहिलंय तेच खरं.

मंगळवारी दुपारी मिस्त्रीनं आरसा हलवला, चिठ्ठी लिहिली, पाकीट बंद केलं. घरी जाताना बायकोनं दिलेली सामानाची यादी किराणावाल्याच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "घरी पाठवून दे."

बुधवारी सकाळी बाईंनी फर्मान काढलं. "कालची नोंद बाजूला ठेवा. दुपारी पाइपवर कामगार ठोकत होते." कामगार कुणी पाहिले नव्हते, पण बाईंना विचारणार कोण? मंगळवारची नोंद कपाटात गेली.

आणि गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, आरसे हलले.

ट्रक नाही. वारा नाही. हेडक्लार्क रजेवर. कागदावर अशी रेघ उमटली, की आधी हलके हलके डुलते, मग घाईला येते आणि एकदम संपते. पुस्तकात काढतात तश्शी. चष्मेवाला नावाचा एक पोरगेला शास्त्रज्ञ खुर्चीवरून उठला तो पुन्हा बसायचंच विसरला.

अकरा दिवस साठ माणसं त्या रेघेचा कीस पाडत होती. निम्मे जण रेघेकडं बघत आणि निम्मे मिस्त्रीच्या तोंडाकडं. मिस्त्रीनं दुसरा चहा मागवला की कुजबुज, "खरी आहे. मजेत दिसतोय." मिस्त्रीनं कान खाजवला की चष्मेवाला लेखातला एक परिच्छेद खोडायचा. एकदा बिचारा मिस्त्री जिन्यात ठेचकाळला तर दोघांनी नोकरीचे अर्ज लिहिले.

"बायकोला तरी सांगितलं असेल त्यानं," पोस्टमन म्हणाले.

"छे हो. बायकोलाही नाही. झोपेत बरळू नये म्हणून अकरा रात्री तोंडात रुमाल धरून झोपला तो."

आत इस्त्रीचा आवाज थांबला.

एकट्या बाई तेवढ्या शांत होत्या. टेबलाचा खण रिकामा करत होत्या, मोसंबी सोलून खात होत्या. याला म्हणतात मोठं मन. नाहीतर सव्वीस वर्षांची वाट एका चिठ्ठीवर येऊन अडलेली, दुसऱ्या कुणाचा घास उतरला असता?

निवृत्तीच्या दिवशी सगळे सभागृहात जमले. लाख फोडली. चष्मेवाल्यानं कागद उलगडला, घसा साफ केला आणि वाचलं, "धुण्याचा साबण, चार वड्या. मेणबत्त्या. साखर. उंदरांचं औषध. मागचं नको, ते उंदरांना फार आवडलं."

साठच्या साठ माना मिस्त्रीकडं वळल्या.

मिस्त्रीच्या लख्ख डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही कागद एकाच खिशात, दोन्हींच्या घड्या सारख्या. तो उठला. "थांबा, मी सांगतो काय लिहिलं होतं ते."

"बसा," साठ जण एकदम म्हणाले.

नियम म्हणजे नियम. चिठ्ठीच हवी. किराणावाल्याला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"हां, ती चिठ्ठी होय," किराणावाला म्हणाला. "मला वाटलं, मिस्त्रींची तब्येत बरी नाही. मागच्या महिन्याचंच सामान पाठवून दिलं. तारेला टोचून ठेवलीय, काढतो. एक मिनिट हां, गिऱ्हाईक आहे."

मग दोन किलो साखर मोजली गेली. पिशवी फाटली. दुसरी पिशवी शोधली गेली. विश्वातल्या सगळ्यात मोठ्या टकरीचा निकाल तराजूपाशी ताटकळत उभा होता आणि चष्मेवाला नखं संपवून बोटांवर आला होता.

"हं, वाचतो. ‘खोटी थरथर घातली आहे.’"

सगळ्यांचे खांदे एकदम पडले. मागं कुणीतरी खुर्ची सरकवून निघालंही. बाईंनी मात्र मोसंबीची फोड तोंडात टाकली आणि फोनपाशी वाकल्या. "दादा, पुढं वार लिहिला असेल बघा."

"आहे ना. मंगळवार, दुपारी सव्वातीन."

मंगळवार. आणि आरसे हलले होते गुरुवारी.

मग साठच्या साठ माणसं अशी नाचली, की यंत्रानं त्या दिवशी सहा टकरी नोंदवल्या. खोटी थरथर त्यांच्या हातून निसटली होती, पण खरी सापडली होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "चला, मी निघते घरी." त्यांचा चेहरा मिस्त्रीला अजून आठवतो. आणि एवढ्या मोठ्या शोधाचं श्रेय कुणाला जातं? बाईंना जातंच. पण खरं म्हणजे त्या माणसाला, ज्यानं अकरा दिवस तोंडातून अवाक्षर काढलं नाही, बायकोपाशीसुद्धा—

आमची ही इस्त्री हातात तशीच धरून दारात आली होती.

"त्याच रात्री सांगितलंत मला. जेवता जेवता, वेळेसकट. मी बुधवारी सकाळी बाजारात बाईंच्या कानावर घातलं. सव्वीस वर्षं वाट बघणाऱ्या बाईला शेवटच्या महिन्यात खोट्यामागं पळवायचं होय? बाई म्हणाल्या, ‘कळलं, पण आता ही नोंद बाजूला काढायला कारण काय सांगू?’ तर पाइपवर कामगार ठोकत होते म्हणून सांगा, हेसुद्धा मीच सुचवलं. तुमच्याबरोबर तीस वर्षं काढलीत, एवढी थाप तर मलाही जमते."