चाळीस डुकरं आणि एक अंगठा

"हे मी सांगतो, अन् तुम्ही एकजण बी मानणार नाही," म्हणत उत्तमसिंगनं चहाची बशी खाली ठेवली. फुलसावंगीच्या स्टँडसमोर फुलचंदच्या टपरीवर हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही तो नक्की परगावचा. आज मात्र म्हाताऱ्यानं बोलता बोलता खिशातल्या फोनकडे तीनदा बघितलं होतं.

त्याची नात बबिता पुण्याकडे युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर गेम बनवायचं शिकत होती. खेळायचं नाही, बनवायचं. हा फरक तांड्याला समजावता समजावता उत्तमसिंगचे निम्मे केस पिकले. उरलेले आधीच पिकलेले होते. तिच्या शेवटच्या वर्षाचा निकाल आज लागायचा होता.

"तिच्या सरानं अट काय टाकली? ज्यानं जन्मात गेम खेळला नाही, अशा माणसानं तुहा गेम कोणाले न विचारता शेवटपर्यंत खेळून दाखवावा. नाही तं बस अजून एक वर्ष. मंग पोरीनं साऱ्या जिल्ह्यावर नजर फिरवली..."

"अन् तुम्हीच सापडले," त्याचा बांधशेजारी धावजी म्हणाला.

"मीच. गेम म्हणजे आपलंच वावर. रानडुकरं घुसून राह्यली. डबा वाजवून जंगलात हाकलायची. शेजाऱ्याच्या वावरात गेली का खेळ खलास."

"मंग तुमच्यासाठी अवघडच. खरी डुकरं तं तुम्ही मायाच वावरात हाकलता."

"मधात बोलू नको. सर लॅपटॉपातून पाहून राह्यले. डुकरं किती? चाळीस. मी अंगठा फिरवला भिंगरीवाणी, अन् असा 'हाट' म्हणून वरडलो का फोनातली डुकरं तं पळालीच, पण लोकायले वाटलं खरीच आली. अर्धा तांडा काठ्या घेऊन वावरात. अन् तिथं तुरीत खरंच डुकरं बसली होती! माया आवाजानं ते बी भेदरले, सीधे उमरखेडच्या रोडवर. एसटी थांबली. कंडक्टरनं दरवाजा उघडला..."

"डुकरांनी तिकीट काढलं," फुलचंद म्हणाला.

"माद्यायनं अर्धं," उत्तमसिंग शांतपणे म्हणाला. "सवलत आहे ना."

"अन् सुखीकाकू कुठं होती तवा?" धावजीनं उत्तमसिंगच्या बायकोबद्दल विचारलं.

"बाजूले तूर निवडून राह्यली होती. तिले काय समजते त्यातलं?"

तेवढ्यात फोन वाजला. बबिता. उत्तमसिंगनं घाईनं फोन खिशातून ओढला. उभा जन्म वखराच्या रुमण्याच्या मुठीवर घासलेला, बाभळीच्या सालीसारखा अंगठा त्यानं हिरव्या बटनावरून सरकवला. फोन वाजतच राहिला. धोतराला पुसून पुन्हा सरकवला. मग रोजच्या सवयीनं फोन फुलचंदसमोर धरला. "उचल लवकर, पोरीचा आहे."

फुलचंदनं ओल्या करंगळीनं उचलला. साऱ्या टपरीला ऐकू आलं.

"दादा, पास झाली मी! पहिले दादीले सांगा. सर म्हणे, तिच्यावाणी कोणीच खेळलं नाही. एक डुक्कर शेजारी जाऊ देलं नाही तिनं."

उत्तमसिंगनं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले आणि ते टोक जरा जास्तच वेळ तोंडावर धरलं.

फुलचंदनं फोन परत त्याच्या हातात ठेवला. "काका, एक हिरवं बटन तुमच्यानं सरकलं नाही. मंग चाळीस डुकरं कशी सरकवली?"