आप्पांचं भाषण आणि ठकीची झोप

तेजश्रीची ठकी अजून मान धरायला शिकत होती, पण रडण्यात तिनं पूर्ण प्रावीण्य मिळवलेलं होतं. पोट भरलेलं असो, लंगोट कोरडा असो, तिचं कामकाज अखंड चालू. सासूबाई छबुबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, ठकीचा बाप अंगद तिला खांद्यावर टाकून अंगणभर फिरला, गेवराईच्या डॉक्टरांनी तर पोरगी ठणठणीत असल्याचं सांगून टाकलं. पोरगी ठणठणीतच होती हो, मरायला टेकली होती तेजश्री. भाकरी थापता थापता बिचारीचा डोळा लागायचा आणि तव्यावरची करपून जायची.

उमापूरला जाणाऱ्या खड्ड्यांच्या रस्त्यावर, दवाखाना यायच्या आधीच, ठकी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जन्मली होती. तेव्हाच लेकरू हादरलं, असं छबुबाईंचं ठाम मत होतं.

अशात जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. एका दुपारी उत्तरेश्वरआप्पांच्या प्रचाराची रिक्षा तेजश्रीच्या दारातल्या कडुलिंबाखाली थांबली. रिक्षावाला चहाला गेला, भोंगा मात्र चालूच राहिला. "माझ्या मायबाप बंधूंनो आणि भगिनींनो," आप्पा गरजले, आणि काय सांगावं, ठकीनं जांभई दिली. 'मी तुमचा सेवक' येईपर्यंत तिचे डोळे मिटले. तेजश्री भिंतीला टेकली ती तिथंच झोपी गेली. छबुबाई तर केव्हाच घोरत होत्या. रिक्षा हलली तशा तिघी जाग्या झाल्या, आणि त्यातली एक रडू लागली.

अंगदनं पळत जाऊन रिक्षावाल्याकडून ते भाषण मोबाईलवर घेतलं. रिक्षावाला म्हणाला, गेल्या निवडणुकीचंच हाय, पण आजून खराब न्हाई झालेलं. तेव्हापासून घरात सुख नांदू लागलं. भाषण लावलं की लेक झोपायची, तिच्या मागोमाग आई. 'सेवक'च्या पुढं काय होतं, ते त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुख गावाला कळलं की संपतं. आप्पांचा कार्यकर्ता त्रिंबक यानं झोपलेल्या ठकीचा फोटो घालून 'चिमुकल्यांचाही विश्वास' असा बॅनर चौकात लावला. विरोधकांनी तक्रार केली. आचारसंहिता पथक कॅमेऱ्यासह दारात आलं आणि झोळीचं चित्रीकरण झालं. घरात रोज एकाच उमेदवाराचं भाषण वाजवणं हा विनापरवाना प्रचार असून, बालिका आज मतदार नसली तरी भावी मतदार आहे, असा निष्कर्ष पथकप्रमुखांनी काढला.

मग हिला झोपवू कसं, एवढंच तेजश्रीनं विचारलं. साहेबांनी नियम चाळले आणि तोडगा दिला. सर्व उमेदवारांना झोळीजवळ समान संधी.

तेजश्रीनं धास्तीनंच एकेकाचं भाषण लावलं. पण ठकी सगळ्यांच्या भाषणाला झोपली. अपक्षाच्या झोपली, माघार घेतलेल्याच्याही झोपली. बालिका निःपक्षपाती असल्याचा अहवाल वर गेला. छबुबाई म्हणाल्या, "समद्यांचं बोलणं एकच हाय. कशापायी जागंल लेकरू?"

आप्पा पुन्हा निवडून आले. आभाराची सभा तेजश्रीच्याच अंगणात ठरली. ठकीचा सत्कार आणि नंतर आप्पांच्या प्रत्यक्ष भाषणानं तिला झोपवण्याचा जाहीर कार्यक्रम. आताशा ठकी टेकून बसायला लागली होती, माणसं ओळखायला लागली होती. याची नोंद मात्र कुणीच घेतली नव्हती.

आप्पांनी "मायबाप" म्हणताच सभा सवयीनं पेंगुळली. त्रिंबक हार हातात धरूनच डुलू लागला. ठकीनं मात्र आप्पांच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं आणि मग असं भोकाड पसरलं की कडुलिंबावरचे कावळे उडाले. त्यामुळं तेजश्रीला झोपता आलं नाही, आणि भाषण पहिल्यांदाच 'सेवक'च्या पुढं तिच्या कानावर पडलं.

"पुढच्या पावसाळ्याच्या आत उमापूरचा रस्ता डांबरी करून देतो," आप्पा म्हणत होते.

शब्दाला शब्द मोबाईलमधलंच चाललं होतं. म्हणजे हे गेल्या निवडणुकीचंच भाषण, आणि हा रस्ताही तेव्हाच कबूल केलेला. इतके दिवस ते तिच्या उशाशी वाजत होतं.

ती उठून उभी राहिली. "आप्पा, गेल्या बारीलाच ह्यो रस्ता झाला असता, तर ही दवाखान्यात जन्मली असती."

आप्पा गोड हसले. "सूनबाई, लेकराला आत न्या. लोकांना त्रास व्हायलाय."

आणि खरंच होत होता. चांगल्या लागलेल्या झोपेतून उठलेली माणसं तेजश्रीकडं रागानं बघत होती. एक लेकरू गप करता येईना, कसली आई, असंही कुणीतरी पुटपुटलं. तेजश्री आत गेली नाही. ठकीला कडेवर घेऊन ती तिथंच उभी राहिली, आणि लेक जन्मल्यापासून पहिल्यांदाच तिनं तिला गप केलं नाही.

आप्पांनी भाषण पुन्हा 'मायबाप'पासून सुरू केलं. हळूहळू माना खाली गेल्या. शेवटी टाळ्या मात्र नेमक्या जागी पडल्या.

हेच भाषण तुमच्याही दारावरून गेलंय. 'सेवक'च्या पुढं त्यात काय होतं, सांगता? नाही ना आठवत? अहो, मग रडणाऱ्या पोरीवर कशाला डोळे वटारता?