आगाऊ आक्षेप

माणसाचं निम्मं आयुष्य काम करण्यात जातं आणि उरलेलं 'करू का?' असं विचारण्यात, हे आता सर्वमान्य झालं आहे. (सर्वांना विचारलेलं नाही. वेळ वाचवला.)

संगणकाच्या प्रोसेसरला ही गोष्ट फार आधी उमगली. प्रोग्राम चालता चालता फाटा येतो: असं असेल तर डावीकडे, तसं असेल तर उजवीकडे. सरळमार्गी माणूस तिथे थांबून चौकशी करेल. प्रोसेसर थांबत नाही. मागच्या खेपेला सगळे डावीकडे गेले होते, म्हणजे आताही डावीकडेच जाणार, असं धरून तो चालू लागतो. चौकशीचं उत्तर मागाहून येतं. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं सगळं टाकून निमूट फाट्यापर्यंत परत यायचं. (हा शेवटचा गुण त्याने माणसाकडून घेतलेला नाही.)

यंत्र सुरू केल्यावर जी सगळ्यांत आधी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टिम जिथे तयार होई, त्या संस्थेत पणताई मोजमापाची साधनं सांभाळत. कुठला प्रोग्राम कुठे वेळ खातो, हे ती साधनं दाखवत. पणताई हे काही त्यांचं नाव नव्हे. बैठकीत त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. त्यांना ते ठाऊक होतं. पण त्यात वावगं काय, असं त्यांचं म्हणणं.

प्रोसेसर आपले अलीकडचे फाटे आणि फसलेले अंदाज स्वतःपाशी टिपून ठेवतो. ती टिपणं आजवर कुणी वाचतच नव्हतं. पणताईंनी ती वाचायची सोय आपल्या साधनांत केली. काम नेटकं झालं. अडलं ते नावापाशी. त्यांनी लिहिलं होतं 'फाटा विश्लेषण'. परिभाषा समितीचं मत पडलं की, फाटे फोडणारी माणसं संस्थेला नको असताना आपणच फाट्यांचं कौतुक करणं बरं दिसत नाही. 'फांदी' पोरकट ठरली. अखेर 'शाखा विश्लेषण' हे भारदस्त नाव मंजूर होऊन परिपत्रक निघालं, आणि लगोलग संस्थेच्या गावोगावच्या शाखांनी भिंती रंगवल्या, पायपुसणी धुतली. एका शाखाप्रमुखाने कळवलं, 'आमच्या शाखेबाबत कुणाचाही अंदाज आजवर चुकलेला नाही.' (हे पत्र अनुकरणीय म्हणून सर्वत्र फिरवण्यात आलं.)

अंदाज: नवं साधन प्रोग्राम तपासेल.
प्रत्यक्ष: बैठका तपासू लागलं.

झालं असं. विभागप्रमुखांना सगळे पुढेसाहेब म्हणत, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ते "पुढे?" म्हणत. प्रात्यक्षिक पाहून ते भारावून गेले. हे माणसांना लावता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लावलं. युक्तिवाद बिनतोड होता. बैठकीत 'कुणाला काही आक्षेप?' असा प्रश्न येतो. उत्तर 'नाही' असं येतं. मग उत्तर येईपर्यंत अख्ख्या विभागाने हात बांधून का बसावं? तेव्हापासून बैठकीचं इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशी तयार होऊ लागलं. त्याचे लाभ थोडक्यात असे:

रजेचे अर्ज हाती पडण्यापूर्वी नामंजूर होऊ लागले.

बढतीच्या मुलाखतीआधीच निवड झालेल्याचं अभिनंदन होऊ लागलं. (प्रथा जुनीच. आता तिला तांत्रिक आधार मिळाला.)

बैठकांचा वेग दुप्पट झाला. निर्णयांचा दर्जा होता तसाच राहिला, असं मानायला जागा आहे, कारण तो आधीही कुणी मोजलेला नव्हता.

पणताईंची खुर्ची मात्र अहवालात तांबडी दिसे. विभागातले चुकलेले अंदाज जवळपास सगळे त्या एका खुर्चीत बसलेले होते. त्या 'पण' म्हणत, आणि लेखनिकाला इतिवृत्ताची पानं फाडावी लागत. तो भला माणूस होता. फाडताना त्यांच्याकडे बघत नसे.

अशातच साधनाने सिस्टिममधल्या 'कधीच न घेतलेल्या शाखां'ची यादी काढली, आणि तिच्या डोक्यावर 'शेवटची खात्री' येऊन बसली. भानगड साधी होती. आपण काही साठवलं की सिस्टिम डिस्कला एकदा विचारते, खरंच लिहिलंस ना? डिस्क हो म्हणाली की पडद्यावर 'जतन झालं' असं उमटतं. नाही म्हणाली तर लाल संदेश. संस्थेच्या प्रयोगशाळेत डिस्क कधीच नाही म्हणाली नव्हती. (डिस्क कोऱ्या, हवा थंड, वीज अखंड. एवढ्या सोयी असल्यावर माणूसही नाही म्हणत नाही.) पुढेसाहेबांनी ठरवलं, उत्तर नेहमी होच असेल तर विचारायचं कशाला? खात्री काढून टाका. प्रत्येक जतनामागे पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा वेळ वाचणार होता.

पणताईंची धाकटी बहीण एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिचं यंत्र याच सिस्टिमवर चालायचं. फोनवर इकडचं तिकडचं बोलताना हा विषय निघाला.

"अगं, तो लाल मेसेज आमच्याकडे येतो की," बहीण म्हणाली. "डिस्क म्हातारी झालीय. मेसेज आला की पेशंटला परत उभं करते, श्वास रोखा म्हणते, दुसरा फोटो काढते."

"आणि नाही आला तर?"

"तर काय, जतन झालं. जा म्हणते घरी." मग तिला हसू आलं. "काढताय की काय तो? ताई, एकेक नग आहेत बाई तुझ्या ऑफिसात."

पणताईंना हसू आलं नाही. फोटो कुठेच नसताना माणूस घरी जाणार. डॉक्टर फाईल उघडणार ते ऑपरेशनच्या दिवशी. आणि बोल लागणार तो बहिणीला, कारण तिच्या पडद्यावर तर 'जतन झालं' असं लिहून आलेलं असणार.

पुढच्या बैठकीत त्या 'पण' म्हणाल्या. पानं फाडली गेली, विषय पुढे ढकलला गेला. त्यापुढच्या बैठकीतही तेच. इथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यायला हवी. अंदाज बांधणारं यंत्र एकाच फाट्यावर लागोपाठ दोनदा तोंडावर आपटलं की शिकतं.

तिसऱ्या बैठकीला पणताई खुर्ची ओढून बसताहेत तोच लेखनिकाने इतिवृत्त पुढे ठेवलं. 'श्रीमतींनी आक्षेप घेतला. त्यावर साधकबाधक चर्चा झाली. आक्षेप फेटाळून ठराव मंजूर करण्यात आला.'

"मॅडम, तुमचा आक्षेप आम्ही आगाऊच घेतलाय," पुढेसाहेब म्हणाले.

"पण मी अजून बोललेच नाही."

"तेही आहे त्यात. खाली बघा."

खाली होतं. 'आपण अद्याप बोललेलो नाही, ही बाबही श्रीमतींनी निदर्शनास आणली.'

आगाऊ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. आक्षेपाला पहिला लागू होता. खोलीतल्या चेहऱ्यांवरून पणताईंना दुसरा लागू झालेला दिसला.

ठरावावर अखेरचं शिक्कामोर्तब पुढच्या बैठकीत व्हायचं होतं. मधल्या दिवसांत पणताई आपल्याच साधनाचे अहवाल चाळत बसल्या. अंदाज बरोबर येतोय तोवर प्रोसेसर मागे वळून पाहत नाही. मग तुम्ही त्याच्या नावाने कितीही ओरडा. त्याला फाट्याशी परत आणायचं, तर तो जे धरून चालला आहे तेच खोटं पाडायला हवं.

अंदाज: पणताई 'पण' म्हणतील.

"कुणाला काही आक्षेप?" पुढेसाहेबांनी विचारलं. लेखनिक फेटाळल्याचा परिच्छेद वाचायलाही लागला होता.

"माझा आक्षेप नाही," पणताई म्हणाल्या.

लेखनिक थांबला. आक्षेप नाही म्हणजे तो फेटाळलेला नाही. फेटाळलेला नाही म्हणजे 'फेटाळून मंजूर' होऊ शकत नाही. पुढेसाहेबांचा हात पुढच्या कागदाकडे गेला आणि टेबलावर नुसताच पडून राहिला, कारण तिथे कागद नव्हता. सगळा विभाग फाट्यावर परत येऊन उभा राहिला होता.

"म्हणजे?" पुढेसाहेब म्हणाले. हा त्यांचा असा पहिलाच प्रश्न, ज्याच्या उत्तरासाठी ते थांबले.

पणताईंनी सांगितलं. म्हातारी डिस्क, लाल संदेश, श्वास रोखून उभा राहिलेला माणूस. एकदाही 'पण' न म्हणता सांगितलं. कुणीतरी विचारलं, क्वचित येणाऱ्या संदेशापायी सगळ्यांचा वेग घालवायचा का?

"माझी बहीण तिथे एकटी असते," पणताई म्हणाल्या. "पडद्यावर दिसेल ते ती खरं मानते. आपणच शिकवलंय तसं."

 खात्री काढा, असं म्हणायला आता कुणी धजेना. ठेवा म्हणायचीही सोय नव्हती, कारण ती काढल्याचं पुढेसाहेबांनी वर कळवून टाकलं होतं (आगाऊ, पहिल्या अर्थाने). अशा वेळी संस्था जे करते तेच केलं गेलं. निर्णय लोकांवर सोपवला.

नव्या आवृत्तीत पहिल्यांदा यंत्र सुरू केलं की एक लांबलचक मजकूर येतो. त्याच्या तळाशी एक ओळ आहे: 'वेगासाठी जतनाची खात्री न करण्यास माझी हरकत नाही.' खाली दोन बटणं आहेत, 'मान्य' आणि 'नाही'. हे कुणी वाचणार नाही, असं पणताई म्हणाल्या. लोकांवर विश्वास ठेवा मॅडम, असं पुढेसाहेब म्हणाले, आणि खोलीत पहिल्यांदाच पणताई जनतेच्या विरोधात दिसल्या. त्यांनी एवढंच मागून घेतलं की, या फाट्यावर आपलं साधन बसवू द्या. लोक कुठे वळतात ते पाहीन.

बहिणीला त्यांनी फोन करून 'नाही' दाबायला लावलं. तिने दाबलं. त्या एका दवाखान्यात लाल संदेश अजून येतो, माणसं पुन्हा उभी राहतात, आणि बहीण सगळ्यांना सांगते की आमची ताई मोठी साहेब आहे.

बाकी ठिकाणी 'मान्य' इतक्या नियमाने दाबलं गेलं की सिस्टिम आता बटणाची वाट पाहत नाही. मजकूर उमटायच्या आत ती खात्री काढून मोकळी होते. कुणी 'नाही' दाबलंच, तर मागे येण्याची पूर्ण सोय ठेवलेली आहे.

तो मजकूर तुमच्यापुढेही येऊन गेला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला फार तर हातातला चहा गार झाला असता. पणताई साधन उघडून, तुम्ही काय दाबता ते बघत बसल्या होत्या. सिस्टिम तुमच्यासाठी थांबली नाही. तिचंच बरोबर निघालं.