बासष्ट दिवसांचा बैठा योगाभ्यास

आरोग्य हीच खरी संपत्ती असून ती मिळवण्यासाठी माणसाला जागचे उठावे लागते, असा एक गैरसमज फार जुना आहे. तो दूर करण्याचे श्रेय एका लिफ्ट निरीक्षकांना द्यावे लागेल.

निरीक्षकांचा अनुभव दांडगा होता. चौदा मजली इमारतीची लिफ्ट ते तळमजल्यावरूनच तपासत. बटण दाबायचे, दार उघडले की आत डोकावायचे, दिवा लागला की सही. लिफ्ट वर जाते की नाही, हा प्रश्न वर राहणाऱ्यांचा. (या पद्धतीत आजवर एकाही निरीक्षकाला इजा झालेली नाही.)

अशा या कर्तबगार माणसाची पाठ मात्र आखडली होती. मागच्या सुट्टीत घोडा-घोडा खेळायला तीन वर्षांची नात त्यांच्या पाठीवर बसली, तेव्हा घोड्याने एकच आवाज काढला आणि तो खिंकाळण्याचा नव्हता. जावई आणि शेजारी अशा दोघांनी मिळून घोडा उचलून पलंगावर ठेवला. निघताना नात म्हणाली, “आजोबा, तुमचा घोडा मोडलाय.” चारचौघांत निरीक्षक हसले, पण ते वाक्य त्यांना फार लागले. पुढचे दोन दिवस जेवणावर वासना नव्हती.

डॉक्टरांनी सांगितले, की व्हिडिओ लावून रोज वीस मिनिटे योगासने करा, दोन महिन्यांत घोडा धावेल. नात पुन्हा येण्यालाही दोनच महिने होते. निरीक्षकांनी त्याच दिवशी निळी चटई आणली, ती टीव्हीसमोर अंथरली आणि तिच्यावर आपली खुर्ची ठेवली.

कोणतेही काम अंगावर घेण्यापूर्वी ते डोळ्यांखालून घालावे, हा त्यांचा शिरस्ता. त्यानुसार पहिल्या महिन्यात एकोणतीस योगशिक्षक तपासून झाले. वहीत शेरे पडले: ‘बाई क्रमांक तीन: आसन उत्तम, मागची खिडकी पुसणे आवश्यक.’ ‘गुरुजी क्रमांक नऊ: डावा गुडघा संशयास्पद, पुन्हा पाहावे.’ पुन्हा पाहिले. गुडघा निर्दोष निघाला आणि निरीक्षकांना हायसे वाटले.

त्यांनी प्रत्यक्ष काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘खांदे सैल सोडा’ म्हटले, की ते सोडत. मध्ये जाहिरात आली, की ती टळेपर्यंत श्वास रोखून धरत. शवासन तर नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक करत. व्हिडिओत ते सात मिनिटे चाले, खुर्चीत चाळीस.

मागे सोफ्याजवळ बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असे. टीव्हीचा आवाज एवढा मोठा असे, की तिला दुसरे काही ऐकणे शक्यच नव्हते. एकदा तिने विचारले, “अहो, पण करणार कधी?”

“आधी नीट पाहून तर घेतो,” निरीक्षक म्हणाले. “घाईनं केलेलं काम निस्तरत बसावं लागतं.”

हा मुद्दा बिनतोड असल्याने बायको पुन्हा घड्यांकडे वळली.

त्रेसष्टाव्या दिवशी सकाळी नात आली, चपला भिरकावल्या आणि म्हणाली, “आजोबा, घोडा.” निरीक्षक बासष्ट दिवसांच्या आत्मविश्वासाने उठले. खुर्ची बाजूला केली. उजवा गुडघा टेकला, डावा टेकला, दोन्ही हात टेकले, सारे नियमाप्रमाणे. त्यापुढे मात्र काही घडेना. पुढेही जाता येईना, वरही येता येईना. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते, तेव्हा आतल्या माणसाला काय वाटत असेल, हे त्यांना नोकरीत प्रथमच कळले.

“चला ना,” नात म्हणाली.

“थांब बाळा, बघतोय.”

तो आवाज ऐकून बायकोच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. ती आली, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली, हात टेकले आणि नातीला म्हणाली, “ये गं, बस.” मग नातीला पाठीवर घेऊन तिने खोलीला दोन फेऱ्या मारल्या. दुसरी फेरी दुडक्या चालीची होती. नात खिदळत होती. निरीक्षकांना चटईवरून फक्त बायकोच्या टाचा जाताना दिसत होत्या.

“तू हे कधी शिकलीस?” त्यांनी जमिनीकडे बघत विचारले.

“तुम्ही रोज एवढ्या मोठ्यानं लावत होतात. घड्या घालता घालता करत गेले.”

निरीक्षकांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा अभिमान अंमळ जास्त वाटला. नातीने खाली उतरून त्यांच्या मानेवरून हात फिरवला आणि हा घोडा आजारी आहे, याला झोपवू या, असा निर्णय दिला. जावई आणि शेजारी यांना पुन्हा बोलावण्यात आले.

पडल्या पडल्या निरीक्षकांनी व्हिडिओखाली अभिप्राय लिहिला: ‘बासष्ट दिवस खंड न पाडता पाहिले. घरात घोडा धावू लागला. सर्वांनी अवश्य पाहावे.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. दुपारपर्यंत तीनशे बारा जणांनी त्याला अंगठा दाखवून पसंती कळवली. त्या दिवशी या तीनशे बारा जणांच्या शरीराची तेवढीच हालचाल झाली, असे आमचे सर्वेक्षण सांगते. (सर्वेक्षण बसल्या जागी केले आहे.)

हे वाचून आपण हसला असाल, तर उत्तमच; हसणे हाही व्यायाम समजतात. मात्र इथवर पोचेपर्यंत आपण कशाला टेकून होता, आणि अंगठ्याखेरीज आपले काय काय हलले, एवढे जरा उठून सांगावे. नको, राहू द्या. बसूनच सांगा.